‘बुडत्या बेटांचा बाजार’ या फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

‘बुडत्या बेटांचा बाजार’ अशा शीर्षकाचा एक लांबलचक मजकूर सध्या या गटातून त्या गटात फिरत आहे. पहिल्यांदा तो समोर आला तेव्हा मी दुर्लक्ष केले, कारण अशा प्रत्येक मजकुराला उत्तर देत बसले तर दुसरे काही करायला वेळच उरणार नाही. परंतु माझ्या भाच्याने वादविवाद स्पर्धेच्या तयारीसाठी त्यातले पाचही मुद्दे जसेच्या तसे वहीत उतरवून घेतले आणि ‘मावशी, हे शास्त्रज्ञांनीच म्हटलंय’ असे वर मलाच ऐकवले, तेव्हा गप्प बसणे शक्य राहिले नाही.

मजकुराचे म्हणणे थोडक्यात असे आहे. एक, पॅसिफिकमधील बेटे बुडत नसून वाढत आहेत. दोन, 2000 सालापर्यंत ती बुडतील असे संयुक्त राष्ट्रांनी 1989 मध्ये सांगितले होते आणि ते खोटे ठरले. तीन, हवामानाच्या नावाने येणारा पैसा भिंती बांधण्याऐवजी ‘महिला सक्षमीकरणावर’ उधळला जातो, वास्तविक समुद्राची लाट स्त्री-पुरुष पाहत नाही. चार, उरलेला पैसा परदेशी सल्लागार खातात. पाच, ही माणसे आहेत तरी किती, त्यांना सरळ दुसरीकडे हलवावे म्हणजे प्रश्न मिटला.

तिसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण तो ऐकायला सर्वांत चटपटीत आणि परिणामाने सर्वांत घातक आहे. लाट स्त्री-पुरुष पाहत नाही हे खरेच आहे. लाट काहीच पाहत नाही. प्रश्न लाटेचा नसून ती येण्याआधी इशारा कोणापर्यंत पोहोचतो, घरातला फोन कोणाच्या हातात असतो, मुलांना आणि अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना घेऊन कोणाला निघावे लागते, आणि पाणी ओसरल्यावर घराच्या, जमिनीच्या, नुकसानभरपाईच्या कागदावर कोणाचे नाव असते, याचा आहे. एरिक न्यूमायर आणि थॉमस प्ल्यूम्पर या दोन अभ्यासकांनी 1981 ते 2002 या काळातील 141 देशांची आकडेवारी तपासून 2007 मध्ये जो निबंध प्रसिद्ध केला, तो या विषयावर बोलणाऱ्या प्रत्येकाने एकदा वाचावा. नैसर्गिक आपत्तींमुळे स्त्रियांचे आयुर्मान पुरुषांच्या आयुर्मानापेक्षा अधिक घटते, आणि आपत्ती जितकी मोठी तितकी ही दरी रुंदावते, असे त्यांना आढळले. त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष पुढचा आहे: ज्या समाजांत स्त्रियांची सामाजिक आणि आर्थिक स्थिती बरी आहे, तेथे ही दरी कमी होते. म्हणजे यात निसर्गाचा किंवा शरीररचनेचा भाग थोडा आणि समाजाने केलेल्या व्यवस्थेचा भाग मोठा आहे. जी गोष्ट व्यवस्थेतून आली आहे ती पैसा आणि श्रम खर्चून बदलता येते. मजकुराच्या लेखकाला जी उधळपट्टी वाटते, तिचे कारण नेमके हे आहे.

आता हा ‘उधळलेला’ पैसा कोठे जातो ते जवळून पाहू. फिजी, व्हानुआटू आणि सॉलोमन बेटे या पॅसिफिकमधील देशांच्या भाजीबाजारांत बसणाऱ्या विक्रेत्यांपैकी 75 ते 90 टक्के स्त्रिया असतात. दूरच्या गावांहून कंदमुळे, केळी आणि पालेभाज्यांच्या जुड्या घेऊन त्या ट्रकने किंवा होडीने येतात, माल एका दिवसात संपत नाही, आणि रोज परतायचे तर कमाई भाड्यातच जाते. त्यामुळे वर्षानुवर्षे त्या बाजाराच्या फरशीवर, मालाच्या गोण्यांना टेकून, रात्र काढत आल्या आहेत. फेब्रुवारी 2016 मध्ये विन्स्टन हे पाचव्या, म्हणजे सर्वांत भीषण श्रेणीचे चक्रीवादळ फिजीवर आदळले, 44 माणसे गेली आणि राकिराकीचा बाजार उद्ध्वस्त झाला. तो पुन्हा उभारला गेला तो पाचव्या श्रेणीच्या वादळात टिकेल अशा बांधणीचा, आणि परगावच्या विक्रेत्या स्त्रियांना रात्री सुरक्षित मुक्काम करता येईल अशा सोयीसह. हे काम यूएन विमेन या संयुक्त राष्ट्रांच्या स्त्रीविषयक संस्थेच्या बाजारविषयक प्रकल्पातून, मुख्यतः ऑस्ट्रेलियाच्या पैशाने झाले. ही ‘महिलांवरची’ मदत म्हणायची की ‘हवामानावरची’, हे मजकुराच्या लेखकाने मला समजावून सांगावे. छप्पर एकच आहे, आणि वादळानंतर ज्या दिवशी तो बाजार पुन्हा सुरू होतो, त्या दिवशी साऱ्या परिसराच्या घरांत रोख पैसा पुन्हा खेळू लागतो.

दुसरे उदाहरण व्हानुआटूचे आहे. मार्च 2015 मधील पाम चक्रीवादळानंतर अ‍ॅक्शनएड या मदतसंस्थेच्या साहाय्याने तेथे स्त्रियांचे एक जाळे उभे राहिले. त्यातूनच पुढे हवामान खात्याचा अंदाज बिस्लामा या तेथल्या बोलीभाषेत, सोप्या शब्दांत, मोबाइलच्या लघुसंदेशांतून गावोगावच्या स्त्रियांपर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था तयार झाली. एप्रिल 2020 मध्ये हॅरोल्ड हे तितकेच भीषण वादळ आले तेव्हा कोविडमुळे देशाच्या सीमा बंद होत्या आणि एरवी विमाने भरून येणारे परदेशी मदत कर्मचारी येऊच शकत नव्हते. जे काही करायचे ते तेथल्या सरकारने, तेथल्या संस्थांनी आणि गावातल्या समित्यांनी केले. ‘प्रशिक्षणावर पैसे वाया’ हे वाक्य लिहिणाऱ्याने त्या महिन्यात प्रशिक्षण नसते तर काय झाले असते, याचा क्षणभर विचार करायला हरकत नव्हती. केअर या मदतसंस्थेनेही पाम वादळानंतर व्हानुआटूतील गावांची तुलना करून, ज्या गावांत आपत्ती समित्या आधीपासून होत्या आणि त्यांत स्त्रियांना स्थान होते तेथे तयारी अधिक चांगली होती, असे म्हटले आहे. अर्थात ही संस्थेने स्वतःच्याच कामाची केलेली तपासणी असल्यामुळे मी तिच्यावर फार भार टाकत नाही.

एका गोष्टीबद्दल मात्र मला थट्टा सहन होत नाही. मजकुरात ‘वादळग्रस्तांना समुपदेशन केंद्रे कशाला, लोकांना पत्रे आणि तंबू द्या’ असे एक वाक्य आहे. 2011 च्या सुरुवातीला व्हानुआटूच्या तफेआ प्रांतावरून व्हानिया आणि आतू ही दोन वादळे पाठोपाठ गेली. त्यानंतर तेथील स्त्री समुपदेशन केंद्रात घरगुती हिंसाचाराच्या नव्या तक्रारी 300 टक्क्यांनी वाढल्याची नोंद आहे. व्हानुआटूत सुमारे 60 टक्के स्त्रियांनी आयुष्यात कधी ना कधी जोडीदाराकडून हिंसा सोसलेली आहे. किरिबाटी या पॅसिफिकमधल्याच दुसऱ्या बेटराष्ट्रात हे प्रमाण 68 टक्के आहे. पिके गेलेली, घर पडलेले, उत्पन्न बंद आणि सारे कुटुंब एका तंबूत, अशा स्थितीत त्या हिंसेचे काय होते हे समजायला तज्ज्ञ लागत नाही. तंबू दिला आणि तंबूच्या आत काय चालते याकडे पाठ फिरवली, तर मदत अर्धीच झाली.

राहिला भिंतींचा प्रश्न. पैसा भिंती सोडून स्त्रियांवर जातो, हे मुळातच खोटे आहे. तुवालू या चिमुकल्या बेटराष्ट्राच्या किनारा संरक्षण प्रकल्पाला हरित हवामान निधी या आंतरराष्ट्रीय निधीने 3.6 कोटी डॉलर दिले आणि त्यातून राजधानी फुनाफुटी येथे वाळूचा भराव घालून सुमारे 7 हेक्टर उंच जमीन तयार करण्यात आली. उलट, आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या म्हणजे ओईसीडीच्या आकडेवारीनुसार 2020-21 मध्ये देणगीदार देशांच्या द्विपक्षीय विकास मदतीपैकी स्त्री-पुरुष समानता हेच मुख्य उद्दिष्ट असलेला भाग जेमतेम 4 टक्के होता. एवढ्याशा रकमेवर साऱ्या अपयशाचे खापर फोडायचे, ही गंमतच आहे.

आता पहिला मुद्दा. बेटे वाढत आहेत हे अर्धे खरे आहे, आणि ते मान्य केलेच पाहिजे. पॉल केंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 मध्ये तुवालूच्या 101 बेटांच्या हवाई आणि उपग्रह चित्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. 1971 ते 2014 या काळात तेथील एकूण भूभाग 73.5 हेक्टरने, म्हणजे 2.9 टक्क्यांनी वाढल्याचे त्यात दिसते. लाटा प्रवाळभित्तीचे तुकडे आणि वाळू किनाऱ्यावर आणून टाकतात, त्यामुळे बेटाचा आकार सतत बदलत राहतो. काही बेटे वाढतात आणि काही झिजतात. पण याच निबंधात त्या काळात तेथील समुद्रपातळी जागतिक सरासरीच्या जवळजवळ दुप्पट वेगाने वाढल्याचेही नोंदवलेले आहे, आणि बेटे टिकून राहणार असतील तर तेथे राहण्याची तयारी कशी करावी याचा नव्याने विचार करा, असा लेखकांचा सूर आहे. मदत थांबवा असे त्यांनी कोठेही म्हटलेले नाही. सोयीचे तेवढे उचलायचे आणि बाकीचे पान उलटायचे, असा हा प्रकार आहे.

शिवाय क्षेत्रफळ वाढणे म्हणजे राहण्याजोगे असणे नव्हे. प्रवाळबेटावर नद्या नसतात. पावसाचे पाणी टाक्यांत साठवायचे, नाहीतर जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगणाऱ्या गोड्या पाण्याच्या पातळ थरावर अवलंबून राहायचे, एवढेच पर्याय असतात. त्या थरापर्यंत खड्डे खणून त्यांत अळूच्या कुळातले मोठे कंद पिकवण्याची तेथली जुनी पद्धत आहे. मोठ्या भरतीची एकच लाट बेटावरून गेली तरी मीठ त्या खड्ड्यांत आणि थरात उतरते, आणि पाऊस पुरेसा झाला तरी ते निघून जायला पुष्कळ काळ लागतो. मार्शल बेटांवरील रोई-नामूर येथील मोजमापांवर आधारलेल्या 2018 च्याच दुसऱ्या एका अभ्यासाने, बहुतेक प्रवाळबेटे बुडण्याच्या कितीतरी आधी, या शतकाच्या मध्यापर्यंत, पिण्याच्या पाण्याअभावी राहण्यास अयोग्य होतील, असा इशारा दिला आहे. सप्टेंबर 2011 मध्ये तुवालूने दुष्काळामुळे आणीबाणी जाहीर केली आणि खारे पाणी गोडे करणारी यंत्रे न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातून आणावी लागली, तेव्हा त्या वाढलेल्या जमिनीचा कोणाला काही उपयोग झाला नाही.

1989 च्या भाकिताबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागातील एका अधिकाऱ्याच्या हवाल्याने आलेली ती मूळ बातमी अशी होती की, तापमानवाढीचा कल 2000 सालापर्यंत उलटवला नाही, तर समुद्र वाढून राष्ट्रेच्या राष्ट्रे नष्ट होऊ शकतील. 2000 हे उपाय करण्याच्या मुदतीचे वर्ष होते, बुडण्याचे नव्हे. कोणीतरी ‘ध’चा ‘मा’ केला आणि बाकीच्यांनी तो पुढे ढकलला.

सल्लागारांचा मुद्दा मला नाइलाजाने बराचसा मान्य करावा लागतो. अहवालांवर, कार्यशाळांवर आणि परदेशी तज्ज्ञांच्या विमानभाड्यावर मदतीचा मोठा वाटा खर्च होतो, ही तक्रार पॅसिफिकमधील लोक स्वतःच अनेक वर्षे करत आहेत. विकसनशील देशांच्या हवामानविषयक कामांसाठी श्रीमंत देशांनी 2020 पर्यंत वर्षाला 100 अब्ज डॉलर उभे करण्याचे वचन 2009 मध्ये दिले होते. तो आकडा प्रत्यक्षात 2022 मध्ये गाठला गेला, आणि त्यातील सरकारी पैशापैकी 69 टक्के रक्कम कर्जाच्या रूपात होती. जेमतेम 11 हजार लोकसंख्येच्या देशात मूठभर अधिकारी हरित निधीचे जाडजूड अर्ज भरत बसणार कधी आणि कारभार करणार कधी, म्हणून तुवालूचा प्रकल्पही संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमामार्फत राबवावा लागला. परंतु यातून निघणारा निष्कर्ष मजकुराच्या अगदी उलट आहे. पैसा मधल्या हातांत अडकत असेल तर तो तेथल्या संस्थांना थेट द्या, कर्जाऐवजी अनुदान द्या, अशी मागणी करायला हवी. मधले हात तसेच ठेवून शेवटच्या माणसाची मदत बंद करण्याने सल्लागारांचे काहीही बिघडत नाही. जाता जाता एवढेच, की तापमान वाढवणाऱ्या वायूंच्या जगातील एकूण उत्सर्जनात या छोट्या बेटराष्ट्रांचा सगळ्यांचा मिळून वाटा एक टक्क्याहूनही कमी आहे, त्यामुळे हा व्यवहार दानधर्माचा आहे असे गृहीत धरणेही चुकीचे आहे.

शेवटचा मुद्दा ‘हलवून टाका’ हा. हे म्हणणाऱ्याला जणू सामान हलवायचे आहे. किरिबाटीने 2014 मध्ये फिजीत सुमारे 20 चौरस किलोमीटर जमीन विकत घेतली हे खरे आहे आणि मजकूर त्याचा मोठा डांगोरा पिटतो. पण पुढच्या सरकारने स्थलांतराचे धोरण बाजूला ठेवले आणि त्या जागेवर शेती करण्याची भाषा सुरू केली. ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारानुसार तुवालूच्या 280 नागरिकांना दरवर्षी तेथे राहण्याचा परवाना मिळू शकतो, आणि 2025 मधील पहिल्याच सोडतीसाठी देशातील निम्म्याहून अधिक लोकांची नावे नोंदवली गेली. लोकांना बाहेरचा रस्ता हवा आहे, यात शंका नाही. मात्र समुद्रपातळी वाढली तरी तुवालूचे राष्ट्र म्हणून अस्तित्व आणि सार्वभौमत्व कायम राहील, हेही त्याच करारात लिहून घेतलेले आहे. मार्शल बेटांवर जमिनीचा हक्क आईकडून पुढे जातो आणि त्या समाजात स्त्रीचे जे वजन आहे ते त्या जमिनीवर उभे आहे. तिला परक्या देशात भाड्याच्या खोलीत नेऊन ठेवल्यावर हा हक्क कोठे नोंदवायचा, याचे उत्तर ना त्या मजकुरात आहे, ना तो पुढे पाठवणाऱ्यांपैकी कोणाकडे.