ट्रॅक्टर जास्त ओढतो की ट्रॉली?

गळीत हंगामात कागल-शिरोळच्या रस्त्यांवर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रोज दिसतात. बारावी सायन्सच्या पोरांना विचारून बघा: ट्रॅक्टर वेग घेत असताना तो ट्रॉलीला जास्त जोरानं ओढतो, की ट्रॉली त्याला? न्यूटनचा तिसरा नियम तोंडपाठ असूनही बरेच जण म्हणतील, "ट्रॅक्टरच जास्त ओढतो की, नाहीतर ट्रॉली हलेल कशी?" पेपरात मात्र 'समान' लिहून मार्क घेतील.

हार्वर्डमध्ये फिजिक्सचे प्राध्यापक एरिक मॅझूर यांच्या वर्गात असल्याच साध्या प्रश्नांवर एका विद्यार्थ्यानं विचारलं होतं, तुम्ही शिकवलंय तसं लिहू की मला वाटतं तसं? पोरगं तिथलं असो वा कोल्हापूरचं, फिजिक्स पुस्तकातलं आणि रस्ता वेगळा, अशी त्याची समजूत असते. खरं तर ओढ दोन्हीकडून सारखीच, पण ती दोन वेगळ्या वस्तूंवर लागते. ट्रॉली हलते कारण तिच्यावरची ओढ तिच्या चाकांच्या विरोधापेक्षा जास्त असते. ट्रॅक्टर पुढं जातो कारण रस्ता त्याच्या मागच्या चाकांना पुढं ढकलतो, ट्रॉलीच्या ओढीपेक्षा जास्त. हे फळ्यावर दोन वेगळ्या चौकोनांत काढल्याशिवाय डोक्यात बसत नाही. एकाच चित्रात सगळे बाण काढले की पोरं ते एकमेकांतून वजा करतात आणि उत्तर शून्य आणतात.

दुसरी समजूत, फिजिक्स म्हणजे योग्य फॉर्म्युला शोधून आकडे घालणं: "सर, कुठला फॉर्म्युला?" चेंडू २० मीटर प्रति सेकंद वेगानं वर फेकला, गुरुत्व त्वरण १० धरा. ३ सेकंदांनी किती उंचीवर? दर सेकंदाला वेग २०, १०, ०, वजा १०. एकेका सेकंदाची सरासरी १५, ५, वजा ५. बेरीज १५ मीटर. फॉर्म्युला हीच बेरीज एका ओळीत करतो. आता विचारा, एकूण अंतर किती कापलं? नुसता फॉर्म्युला पाठ असलेला पुन्हा १५ म्हणतो. उत्तर २५ आहे.

गणितातही अशीच एक समजूत. गणित शिकण्यावर संशोधन करणारे अॅलन शोएनफेल्ड यांनी १९८९ मध्ये अमेरिकेतल्या शाळकरी मुलांना विचारलं, एका गणिताला किती वेळ लागावा? सरासरी उत्तर दोन मिनिटांच्या आसपास होतं. आपल्या सीईटी या प्रवेश परीक्षेत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे एकाला १०८ सेकंद. दोन वर्षं याच तालावर सराव केल्यावर पोराला वाटणारच, की दोन मिनिटांत सुटलं नाही म्हणजे आपल्याला येत नाही. यात पोराचा दोष नाही.

नुसतं शिकवून या समजुती सुधारतात असंही नाही. १९९८ मध्ये फिजिक्स शिकवण्यावर संशोधन करणारे एडवर्ड रेडिश आणि सहकाऱ्यांनी फिजिक्स शिकण्याबद्दलच्या ३४ विधानांची प्रश्नावली सहा कॉलेजांतल्या सुमारे १५०० विद्यार्थ्यांना दिली. एका सत्राच्या फिजिक्सनंतर त्यांची मतं तज्ज्ञांपासून आणखी लांब गेली होती.

म्हणून कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या क्लासवाल्यांना आणि कॉलेजातल्या सहकाऱ्यांना मनापासून सांगतो, आठवड्यातून एकच प्रश्न २० मिनिटांचा द्या. आधी अंदाज लिहून घ्या, मग गणित करायला लावा, आणि दोन्ही का जुळलं नाही हे लिहायला मार्क द्या. सुरुवात याच चेंडूनं करा: सगळ्यात वर असताना त्वरण किती? "वेग शून्य, म्हणून त्वरण शून्य," असं कुणी म्हणालं तर चूक म्हणून पुढं जाऊ नका. ०.१ सेकंद आधीचा आणि ०.१ सेकंद नंतरचा वेग त्यालाच काढू द्या. वर १, खाली १. बदल २, वेळ ०.२. म्हणजे त्वरण १०, शून्य नाही.