बातमी कुणाची, बिल कुणाच्या नावे

माध्यमं आणि मार्केटिंग या क्षेत्रात नाव काढायचं तुम्ही ठरवलंय हे ऐकून बरं वाटलं. गेली बावीस वर्षं मी याच पाण्यात आहे, त्यामुळे चार गोष्टी सांगण्याचा अधिकार मला आहे असं मी धरून चालतो. मास कॉमची पदवी घेतली असेल तर घरच्यांना दाखवा आणि फायलीत ठेवून द्या. तिथे माध्यमं हा एक विषय असतो आणि मार्केटिंग हा दुसरा. दोन पुस्तकं, दोन पेपर, दोन वेगळे सर. ही मधली भिंत पाडण्यातच पुढे तुमची निम्मी उमेद जाते. मी तालुक्याला सुरुवात केली, म्हणून माझ्या वाटेत ती भिंत आलीच नाही.

तेव्हा मुंबईकडे धावू नका, आधी तालुका वार्ताहर व्हा. तालुका वार्ताहराला पगार नसतो. मानधन असतं, आणि त्यात मान किती आणि धन किती हे विचारायचं नसतं. त्याला ओळखपत्र मिळतं, मोटारसायकलवर ‘प्रेस’ लिहायची मुभा मिळते आणि वर्षाचं जाहिरातीचं टार्गेट मिळतं. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, दिवाळी, वर्धापनदिन आणि ज्यांना नाही म्हणता येत नाही अशा पाच-सहा लोकांचे वाढदिवस. आणलेल्या जाहिरातीवर कमिशन, तेही वसुली झाल्यावर. ज्याच्याविरुद्ध सकाळी बातमी द्यायची त्याच्याच दारात संध्याकाळी चेकसाठी उभं राहायचं. क्रम उलटाही चालतो. अनुभवी माणसं उलटाच ठेवतात.

वाढदिवसाची पुरवणी लावता आली की तुम्हाला या धंद्यातलं जवळपास सगळं आलं. मधोमध उत्सवमूर्ती, हात जोडलेले. वर गोल चौकटीत पक्षाचे वरचे नेते, डावीकडून उजवीकडे वजनाप्रमाणे. हे वजन दर सहा महिन्यांनी बदलतं, म्हणून मागच्या वर्षीचं पान समोर ठेवून नवं लावू नये. खाली शुभेच्छुक. त्यांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. एक गॉगल घालून, एक लग्नातल्या फेट्यात, एक निम्मा, कारण उरलेल्या निम्म्यात त्याचा मेहुणा असतो आणि मेहुण्यानं पैसे दिलेले नसतात. शेवटी ‘आणि समस्त मित्रपरिवार’ लिहायला विसरू नका. ज्यांची नावं राहिली ते सगळे त्या तीन शब्दांत बसतात आणि भांडायला येत नाहीत.

एकदा मी चूक केली. वय लहान होतं. पान पाचवर एका गावच्या बायकांचा हंडा मोर्चा लावला: अठरा दिवस टँकर नाही, तहसीलच्या पायऱ्यांवर रिकामे हंडे, एक आजी हंडा उलटा करून त्यावरच बसलेली, असा फोटो. आणि पान सहावर त्याच भागातल्या नेत्यांचा वाढदिवस, मथळा ‘जलनायक’. कागद पातळ होता. उन्हात पान धरलं की हंडा आरपार दिसून नेमका नेत्यांच्या डोक्यावर यायचा. सकाळी सव्वासातला फोन आला. मला वाटलं, मथळा फार झाला म्हणून असेल. फोन पान पाचबद्दल होता. तेव्हापासून मोर्चाची बातमी लिहिण्याआधी मी पुरवण्यांचं कॅलेंडर बघतो. तुम्हीही बघत जा. पाणीटंचाई दरवर्षी असते, वाढदिवस वर्षातून एकदाच येतो.

शैली कमवायची, स्वतःचा आवाज शोधायचा वगैरे भानगडीत पडू नका. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत आपल्याच राज्यात एका मोठ्या नेत्यावरचा एकच लेख, शब्दाला शब्द तोच, तीन प्रतिस्पर्धी दैनिकांत छापून आला होता. एरवी एकमेकांचा खप खोडून काढण्यात आयुष्य घालवणारी तीन वृत्तपत्रं, आणि एका उपमेवरूनही मतभेद नाहीत! या नेत्यांनी निवडणूक खर्चात वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींपोटी दाखवलेली रक्कम होती ५,३७९ रुपये. पुढे निवडणूक आयोगाची नोटीस निघाली आणि २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ती रद्द केली, तेव्हा मी कुणावर ठपका ठेवत नाही. मला कौतुक आहे ते काटकसरीचं. एवढ्या पैशांत आमच्या तालुक्यात गॉगलवाल्या शुभेच्छुकाचा फोटो रंगीत येत नाही.

या पेड न्यूजच्या, म्हणजे पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेल्या जाहिरातींच्या, धामधुमीत प्रेस कौन्सिलनं दोन सदस्यांची उपसमिती नेमली. त्यांनी नावंगावं घालून ७१ पानांचा अहवाल लिहिला. संपादन म्हणजे नेमकं काय हे ज्यांना शिकायचंय त्यांनी पुढचा भाग नीट समजून घ्यावा: २०१० मध्ये कौन्सिलनं स्वीकारलेला अहवाल डझनभर पानांत आटोपला होता आणि त्यातली नावं गळाली होती. मूळ अहवाल अधिकृतपणे बाहेर यायला केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश आणि २०११ साल उजाडावं लागलं. इतकी सफाईदार काटछाट मी कुठल्याही डेस्कवर पाहिलेली नाही.

परंपरेचा अभिमान मात्र हवा. ६ जानेवारीला, म्हणजे १८३२ साली ज्या दिवशी बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ निघालं त्या दिवशी, पत्रकार दिन असतो. प्रतिमेला हार घाला, ‘लेखणीची ताकद’ हे शब्द येतील असं दोन मिनिटांचं भाषण करा आणि मग प्रायोजकांनी दिलेली भेट घ्या. आमच्याकडे एक वर्ष स्टीलचा डबा असतो, एक वर्ष डायरी. डब्याच्या वर्षी उपस्थिती चांगली असते. बाळशास्त्रींनी पानाचे दोन स्तंभ केले होते, एकात मराठी आणि दुसऱ्यात इंग्रजी. ‘दर्पण’ १८४० मध्ये बंद पडलं. आपण बातमी आणि जाहिरात एकाच स्तंभात लावतो आणि रोज निघतो.

तालुक्यात पाच-सात वर्षं काढली की मुंबईला या. आता तुम्ही पत्रकार राहिला नाहीत, तुम्ही पीआरमध्ये, म्हणजे जनसंपर्कात आहात. ऑफिस लोअर परळला असेल तर उत्तम. १९८२ च्या संपापर्यंत जिथे कापड गिरण्यांचे साचे चालत होते तिथे आता काचेच्या खोल्या आहेत, आणि एका खोलीत बसून तुम्हाला ‘सामान्य मराठी माणूस काय विचार करतो’ यावर स्लाइड बनवायच्या आहेत. ज्यांना विचारता आलं असतं त्यांची मुलं खाली सिक्युरिटीत असतात, पण संशोधनाचं बजेट वेगळं असतं.

इथलं काम सोपं आहे. प्रेसनोट पाठवायची आणि फोन करायचा, “सर, प्रेसनोट मिळाली का? कधीपर्यंत कॅरी होईल?” पलीकडचा माणूस पूर्वी तुम्हीच होता, त्यामुळे तो काय उत्तर देणार हे तुम्हाला पाठ असतं. खरी कला महिनाअखेरीला लागते. एक ट्रेनी पट्टी घेऊन बसते, छापून आलेली कात्रणं मोजते. चाळीस चौरस सेंटिमीटर, दर पाचशे, म्हणजे वीस हजार. तेवढ्या जागेची जाहिरात दिली असती तर इतके लागले असते. मग या आकड्याला तीननं गुणायचं. तीननंच का, असं मी पहिल्या महिन्यात विचारलं होतं. उत्तर मिळालं: लोक जाहिरातीपेक्षा बातमीवर जास्त विश्वास ठेवतात ना, म्हणून. म्हणजे साठ हजारांतले वीस कागदाचे आणि चाळीस वाचकाच्या भाबडेपणाचे. ही रक्कम ग्राहकाला चक्क लिहून द्यायची असते.

जगभरच्या पीआर मोजणीवाल्यांनी २०१० साली बार्सिलोनाला जमून हे गणित खोटं असल्याचं जाहीर करून टाकलंय. त्यांचं बरोबर असेल. पण आमच्या एका ग्राहकाच्या गोदामाला आग लागली होती, तो महिना मला आठवतो. सगळ्या पेपरांत पहिलं पान, चार-चार कॉलम, ज्वाळांचे रंगीत फोटो. ट्रेनीनं ते सगळं इमानदारीत मोजलं, तीननं गुणलं, आणि वर्षातला सर्वांत देखणा अहवाल तयार झाला. ग्राहकाच्या मार्केटिंग प्रमुखांनी पहिल्या स्लाइडवर मान डोलावली, दुसरीवर डोलावली, आणि तिसरीवर विचारलं, पुढच्या तिमाहीतही ही पातळी टिकवता येईल का?

मराठी चांगलं असेल तर ते झाकून ठेवा. एजन्सीत मराठी कॉपीचं काम येतं ते रात्री आठनंतर, हिंदी कॉपी मंजूर झाल्यावर, आणि साच्यात ओतायचं असतं. नायिकेचे ओठ हिंदीत हलून झालेले असतात. तिला ‘मला मदत कर’ असं म्हणू दिलंत तर कॉपी परत येईल. ‘माझी मदत कर’ लिहा, ओठांना ते बसतं. त्वचेला पोषण ‘मिळत’ नाही, ‘दे पोषण’. केसगळती थांबत नाही, ‘थांबवण्यास मदत करते’, कारण नुसतं थांबते म्हटलं तर वकील येतो. मी एकदा धीर करून आईनं मुलीला म्हणावं असं साधं वाक्य लिहिलं होतं, ‘ये गं, तेल लावून देते.’ ब्रँड मॅनेजरला मराठी येत नव्हतं. त्यानं ते घरी स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींना वाचून दाखवलं. मावशी म्हणाल्या, बरंय की, माझी आई असंच म्हणायची. वाक्य बाद झालं. जाहिरातीसारखं वाटत नाही, असा शेरा होता.

टीव्हीबद्दल फार सांगत नाही. तिथे सगळं टीआरपीवर, म्हणजे किती लोक काय बघतात याच्या गुरुवारी येणाऱ्या आकड्यांवर चालतं. २०२० च्या ऑक्टोबरात टीआरपीत फेरफार केल्याच्या आरोपाचं प्रकरण मुंबई पोलिसांकडे गेलं आणि बातम्यांच्या वाहिन्यांचे आकडे बंद झाले, ते २०२२ च्या मार्चमध्ये सुरू झाले. मधले सतरा महिने कोणती वाहिनी किती लोक बघतात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तरीही मी ज्या ज्या वाहिनीच्या माणसाला भेटलो तो पहिल्याच क्रमांकावर होता. आत्मविश्वास असावा तो असा.

आता नव्या पिढीकडे वळू. तुम्हाला वार्ताहर, पीआर, कॉपी यांतल्या कशाचाही कंटाळा असेल तर थेट इन्फ्लुएन्सर व्हा. पुण्यात कुठलंही मिसळीचं दुकान गाठा. पैसे नकोत म्हणा, बार्टर म्हणा, म्हणजे रीलच्या बदल्यात मिसळ. परवा माझ्यासमोर एक रील झालं. पहिल्या टेकला फरसाण नीट पडलं नाही. दुसऱ्याला मागे कुणीतरी बिल मागितलं. तिसऱ्याला लिंबू पिळताना डोळ्यात गेलं. चौथ्या टेकपर्यंत तर्री थिजून तिच्यावर साय धरली होती, शेव लगद्यासारखी झाली होती, आणि बहाद्दरानं घास घेऊन डोळे मिटले आणि म्हटलं, “विषय हार्ड!” कॅमेरा बंद झाल्यावर घास टिश्यूत. मालक गल्ल्यावरून हे बघत होता. त्या टेबलावर रोज बसणारे दोन पेन्शनर अर्धा तास दारात उभे होते. रीलमध्ये त्यांचा उपयोग ‘बाहेर वेटिंग बघा’ म्हणून झाला.

नियम आहेत, घाबरू नका. जाहिरात असेल तर तसं स्पष्ट सांगावं असं जाहिरात मानक परिषदेनं २०२१ मध्ये आणि ग्राहक मंत्रालयानं २०२३ मध्ये सांगितलंय. पैशांऐवजी मिसळ घेतली तरी ती धरली जाते. दिशाभूल केली तर २०१९ च्या ग्राहक कायद्यानुसार दहा लाखांपर्यंत दंड, पुन्हा केली तर पन्नास. म्हणून ‘कोलॅब’ हा शब्द लिहायचाच, पण बावीस हॅशटॅगांच्या रांगेत एकविसावा. लपवू नका हेही नियमात आहे. पण एकविसाव्या हॅशटॅगपर्यंत जो वाचत जाईल तो नियमही वाचेल, आणि असा माणूस मिसळीचं रील बघत नाही.

मागच्या महिन्यात तालुक्याला जाऊन आलो. स्टँडसमोरच्या हॉटेलात एक मुलगी भेटली, बावीस-तेवीसची, हातात स्वतःच्या यूट्यूब चॅनेलचा बूम माइक. माझं नाव ऐकून होती. मी वर जे तुम्हाला सांगितलं तेच तिला सांगायला बसलो. पुरवणीपर्यंत पोचलो होतो. ती म्हणाली, “काका, थांबा जरा,” आणि मोबाईल दाखवला. तेच गाव, तेच हंडे, फक्त आता प्लास्टिकचे. सकाळी सातला व्हिडिओ टाकला होता. तिचा फोन वाजत होता. तिनं नाव बघितलं, फोन उलटा करून बशीशेजारी ठेवला आणि चहा प्यायली. मी म्हटलं, अगं, उचल. या महिन्यात वाढदिवस आहे त्यांचा.

“माहितीये,” ती म्हणाली आणि गाडीला किक मारून निघून गेली.

दोन मिनिटांनी माझा फोन वाजला. “काय हो, ती बूमवाली पोरगी तुमच्या ओळखीची आहे म्हणे? आत्ता तुमच्यासोबत बसली होती?”

“छे हो साहेब,” मी म्हणालो, “मी नुसता चहाला थांबलोय. आणि हो, वाढदिवसाच्या आगाऊ शुभेच्छा. पुरवणीचं कुणाला दिलंय यंदा?”