निर्वंशाचे ढोल आणि कखडीचे शेत

आज सकाळी नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर गौतमीपुत्र सातकर्णीवरचा एक व्हिडिओ येऊन पडला. तलवारींचा खणखणाट, मागे ढोल आणि मिनिटामिनिटाला ‘परकीयांचा निर्वंश’ हा घोष. खाली भाच्यापुतण्यांचे जोडलेले हात. तिथे वाद घालण्यात अर्थ नव्हता, म्हणून इथे लिहिते आहे.

सातकर्णी हा सातवाहन घराण्यातला मोठा राजा होता, यात वाद नाही. शकांच्या क्षहरात घराण्यातल्या नहपान राजाकडून त्याने नाशिकचा मुलूख परत घेतला. 1906 साली नाशिकजवळ जोगलटेंभीला नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. विजय म्हणजे काय, हे एवढ्या रोकडेपणाने सांगणारा पुरावा दुसरा क्वचितच असेल.

पण मला आठवते ती थोरल्या मामांबरोबर पांडवलेण्यांवर घालवलेली दुपार. मामा द्राक्षबागायतदार, इतिहासाशी संबंध नाही. तीन क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत मी त्यांना ब्राह्मी लेखांचा अर्थ सांगत होते. राज्यवर्ष 18 : विजयी सैन्याच्या तळावरून राजा हुकूम सोडतो की, नहपानाचा जावई उषवदात याच्या भोगवट्यात आजवर असलेले, पश्चिम कखडी गावातले 200 निवर्तनांचे (निवर्तन हे जमिनीचे जुने माप) शेत इथल्या भिक्षूंना दिले आहे, त्या शेतात राजाच्या माणसांनी शिरायचे नाही, मिठासाठी खणायचे नाही. राज्यवर्ष 24 : राजमातेसह दुसरा हुकूम की, कखडीचे शेत कसले जात नाही आणि त्या गावात वस्तीही नाही, म्हणून नगराच्या सीमेवरच्या सरकारी शेतातली 100 निवर्तने द्यावीत. मामांनी मध्येच विचारले, “अगं, पण गाव कुठं गेलं?”

याचे उत्तर लेखात नाही. दुष्काळ असेल, रोगराई असेल. युद्धानेच गाव उठले असे छातीठोकपणे म्हणता येत नाही, हे मान्य. पण सैन्यांच्या वाटेवरचे रान सहा वर्षांनीही पडीक राहते आणि ते खुद्द जेत्याला दगडावर कोरवून घ्यावे लागते, याबद्दल त्या व्हिडिओत एक चकार शब्द नसावा? ढोल बडवणाऱ्यांनी कधी नांगर धरला आहे काय?

आणि ‘परकीय’ म्हणजे कोण? तो उषवदात, ज्याने तापी आणि डहाणूकडच्या नद्यांवर लोकांसाठी फुकट नावा ठेवल्या, भडोच आणि सोपाऱ्याला धर्मशाळा बांधल्या, ब्राह्मणांना गाई दिल्या आणि भिक्षूंना लेणे कोरून दिले. त्याने हे पुण्यासाठी आणि नावासाठी केले, हेही खरेच; पण पुण्य आणि नाव आपल्या राजांनाही हवेच होते. भांडण मुख्यतः बंदरांचे आणि घाटवाटांवरच्या जकातीचे होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता जरा शांत होऊन लिहिते. सातकर्णीची आई बलश्री हिच्या लेखात मुलाने क्षहरातांचा वंश निःशेष केल्याचा अभिमान आहे, हे खरे. पण त्याच प्रशस्तीत तो अपराधी शत्रूचीही प्राणहिंसा न रुचणारा होता, असेही म्हटले आहे. निर्वंशाचे बोलणारी ती आई ही ओळही कोरवून घेते, याचे मला दर वेळी अप्रूप वाटते. मामांना मात्र या थोरवीपेक्षा मिठाची अट अधिक पटली. सरकारी माणूस बांधावर आला की काय होते, ते त्यांना ठाऊक आहे.

पुढची गोष्ट तर व्हिडिओवाल्यांना बिलकूल परवडणारी नाही. शकांचा महाक्षत्रप (शक राजांची पदवी) रुद्रदामन जुनागढच्या लेखात सांगतो की, दक्षिणापथपती (दख्खनचा स्वामी) असलेल्या सातकर्णी नावाच्या राजाला त्याने दोनदा हरवले, पण जवळच्या नात्यामुळे नष्ट केले नाही. कान्हेरीचा लेख तर सातवाहन घरातली एक राणी महाक्षत्रपाची लेक असल्याचे सांगतो. म्हणजे ज्यांचा म्हणे कायमचा निकाल लागला, त्या शकांशीच पुढे सोयरीक झाली. हे ज्यांच्या ‘आपल्या’ इतिहासात बसत नसेल, त्यांनी मला मित्रयादीतून खुशाल काढावे.