दोन फटक्यांनी टेन्शन जात नाही

परीक्षा जवळ आल्या की ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो: ‘आमच्या वेळी कुणाला टेन्शन नव्हतं. दोन फटके बसले की गाडी रुळावर. आजची पोरं नाजूक. मोबाइल काढून घ्या, टेन्शन पळेल. समुपदेशकाकडे नेलंत तर कायमचा शिक्का बसेल.’ खाली अंगठ्यांची रांग. मला हा मेसेज घातक वाटतो.

टेन्शन तेव्हाही होतं. मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींनी ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली ती 1990 मध्ये. मेसेज पाठवणारे बरेच जण तेव्हा शाळा-कॉलेजातच होते.

‘नाजूक’ हा आरोप मात्र फार खुपतो. आमच्या मजल्यावरची अकरावीतली मुलगी सकाळी सातचं कॉलेज करते, संध्याकाळी नौपाड्यात क्लास. मानपाड्याच्या ट्रॅफिकमधून घरी पोचेपर्यंत रात्रीचे दहा. मग उद्याच्या टेस्टचा अभ्यास. टेस्टच्या सकाळी तिच्या पोटात कळ येते, पोळीचा घास घशाखाली उतरत नाही, आणि घरचे म्हणतात, ‘नाटकं पुरे.’ ही नाटकं नव्हेत. मेंदूला धोका जाणवला की ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसोल ही हार्मोन्स वाढतात, छाती धडधडते, पचन मंदावतं. वाघ समोर आला काय नि गणिताचा पेपर काय, शरीराची तयारी तीच. अशा वेळी श्वास सावकाश, लांब सोडला तर हृदयाचे ठोके खरंच उतरतात. पेपर हातात येण्याआधी दोन मिनिटं हे करता येतं. या वयात आठ ते दहा तास झोप लागते, आणि वयात येताना झोपेची वेळ निसर्गतःच पुढे सरकते. दहाला घरी येऊन पहाटे उठणाऱ्या मुलीला ती मिळणार कुठून? एखादा क्लास कमी करणं हाही उपाय आहे, पण तो कुणी सुचवत नाही.

फटक्यांनी भीती वाढते, म्हणजे तीच धडधड दुप्पट.

मोबाइलबद्दल थोडं खरं आहे, रात्री तो झोप खातोच. पण हिसकावून घेतला तर ज्या मैत्रिणीशी ती मनातलं बोलते तीही तुटते. रात्री घरातले सगळे फोन हॉलमध्ये चार्जिंगला लावा, आईबाबांचेसुद्धा.

शिक्क्याचं म्हणाल तर 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे. ऑक्टोबर 2022 पासून टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. झोप-जेवण दोनेक आठवडे बिघडलेलं असेल, मित्रमैत्रिणी सुटल्या असतील, तर फोन करा. आणि मूल ‘जगावंसंच वाटत नाही’ म्हणालं, तर परीक्षा संपायची वाट पाहू नका. त्याच दिवशी मदत घ्या, त्याला एकटं सोडू नका, आणि अभ्यास किती झाला हे त्या रात्री विचारू नका.