‘तबला शिका’ या सल्ल्याबद्दल, आणि ५ इंची मॉनिटरबद्दल

महोदय,

घरातील इलेक्ट्रॉनिक ड्रमसाठी छोटे स्टुडिओ मॉनिटर (आवाज जसाच्या तसा ऐकवणारे स्पीकर) कसे निवडावेत, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी तीन वेळा वाचली. इतर वाचकांच्या सोयीसाठी ती येथे जशीच्या तशी देतो (किक म्हणजे पायाने वाजवायचा बास ड्रम, स्नेअर हा कडक आवाजाचा छोटा ड्रम आणि क्रॅश ही मोठी झांज): “५ इंची स्पीकर म्हणजे कीबोर्डवाल्यांची खेळणी. किक कानाने ऐकायची नसते, पोटात बसायची असते, आणि ज्याच्या पोटात ती कधी बसली नाही तोच माणूस असा सल्ला देतो. ५४ हर्ट्झचा आकडा उणे १० डेसिबलचा आहे, हे सोयीस्करपणे लपवले आहे. स्नेअर आणि क्रॅशच्या अचानक ठोक्यांना लागणारी ताकद, हेडफोन, खास ड्रमसाठी बनवलेले मॉनिटर, यांपैकी कशाचाच विचार नाही. शेजाऱ्यांची एवढी धास्ती असेल तर तबला शिका.”

पाच वाक्ये, त्यांपैकी दोन माहितीची आणि तीन टोमण्यांची. मतभेदाला माझी हरकत नाही. ज्याने आयुष्यात एकदाही मॉनिटर विकत घेतले आहेत त्याला त्यांविषयी मत असतेच. परंतु अनोळखी माणसाशी पहिल्याच भेटीत या सुरात बोलावे, तेही टोपणनावाआडून, हे मला रुचले नाही आणि ते मी स्पष्टपणे नोंदवतो.

जे मान्य करायचे ते आधी करून टाकतो. यामाहाच्या एचएस ५ या ५ इंची मॉनिटरची व्याप्ती मी ‘५४ हर्ट्झपासून ३० किलोहर्ट्झपर्यंत’ अशी लिहिली होती. हा आकडा उणे १० डेसिबलला, म्हणजे आवाज नेहमीच्या पातळीच्या १० डेसिबल खाली उतरतो तेथवर, मोजलेला आहे. उणे ३ डेसिबलची कसोटी लावली तर तीच व्याप्ती ७४ हर्ट्झपासून २४ किलोहर्ट्झपर्यंत येते. हे मी लिहायला हवे होते. त्रुटी किरकोळ आहे, पण ती माझी आहे. मात्र दोन्ही आकडे यामाहाने स्वतःच प्रसिद्ध केलेले असताना मी ते ‘लपवले’ असे म्हणणे म्हणजे ठाण्यात भर शहरातली तलावपाळी लपवून ठेवल्याचा आरोप करण्यासारखे आहे. राहून जाणे आणि लपवणे यांतला फरक आपल्याला ठाऊक असावा, असे आपल्या शुद्धलेखनावरून तरी वाटते.

आता ‘ज्याच्या पोटात ती कधी बसली नाही’ या वाक्याकडे येतो.

महोदय, मी १९९३ साली एका ऑर्केस्ट्रात ड्रमवर बसलो आणि त्यानंतर सोळा वर्षे उठलो नाही. नवरात्रात नौपाड्यापासून कळव्यापर्यंतचे मंडप, चेंदणी कोळीवाड्यातल्या हळदी, गडकरी रंगायतनमध्ये सहकारी पतपेढ्यांच्या वर्धापनदिनांचे कार्यक्रम, हे सर्व मी २२ इंची बास ड्रमच्या मागे बसून पाहिले आहे. पाहिले असे म्हणतो, कारण गायकांची पाठ सोडून मला फारसे काही दिसत नसे. टेम्पोत ड्रम बांधताना सुतळीने हात कापला आहे, आणि मंडपाच्या फळ्यांवरून घसरू नये म्हणून बास ड्रमसमोर वीट ठेवून अख्खी रात्र वाजवले आहे. पाठीमागे १८ इंची बेसच्या पेट्या एकावर एक रचलेल्या असत. किक पोटात बसते म्हणजे काय, हे मला आपल्याकडून शिकायचे नाही. हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) डावीकडे असतो, म्हणून माझ्या डाव्या कानात आजही रात्री शिट्टी वाजते. पोटाचे प्रमाणपत्र पुरेसे नसेल तर कानाचे जोडतो.

आणि नेमके त्याच अनुभवावरून सांगतो की मंडपातली किक खोलीत आणता येत नाही. मंडप उघडा असतो. तेथे बेस निघून जातो, परत येत नाही. माझी वाजवण्याची खोली मानपाड्याच्या एका इमारतीत दहा फूट बाय अकरा फुटांची आहे आणि तिचे छत साडेनऊ फुटांवर आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरा (ठाण्याच्या मे महिन्यात थोडा अधिक) आणि त्याला भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीने भागा. दहा फुटांसाठी सुमारे ५६ हर्ट्झ येतात, अकरा फुटांसाठी ५१ आणि छतासाठी ५९. म्हणजे लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही बाजूंनी माझी खोली जवळजवळ एकाच स्वराला घुमते, आणि तो स्वर नेमका तेथेच येतो जेथे २२ इंची किकचा मूळ सूर असतो. ही माझ्या एकट्याची तक्रार नव्हे. आपल्याकडच्या बिल्डरांनी घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंत ‘मुलांची बेडरूम’ या नावाखाली जी खोली दिली आहे तिची मापे याच्या आसपासच असतात, आणि ड्रम त्याच खोलीत ठेवले जातात, कारण दिवाणखान्यात ठेवू देणारे घर मी अद्याप पाहिलेले नाही.

अशा खोलीत मोठा वूफर (बेस देणारा स्पीकर) आणल्यावर काय होते, हेही मी ऐकीव माहितीवरून लिहीत नाही. माझ्याकडे आधी यामाहाचेच ८ इंची एचएस ८ होते. प्रत्येकी १०.२ किलोची ती जोडी मी मोठ्या कौतुकाने घरी आणली होती. उणे ३ डेसिबलला ४७ हर्ट्झ, म्हणजे आपल्या कसोटीलासुद्धा उतरणारी. पहिल्या दिवशी किक पोटात बसली, यात शंका नाही. आठवड्याभरात लक्षात आले की मॉड्यूलमध्ये (ड्रमचे आवाज तयार करणाऱ्या पेटीत) कोणतीही किक निवडली तरी पोटात एकच बसते. जॅझची १८ इंची असो की रॉकची २४ इंची, खोली सर्वांना एकच ‘हुम्म’ लावत होती. मिनिटाला १०० मात्रांच्या लयीत पायाने पाव मात्रेच्या अंतराने दोन ठोके लागोपाठ मारले, तर त्यांच्यात ०.१५ सेकंदाचे अंतर असते. पहिल्याचा घुमारा विरण्याआधी दुसरा येऊन त्यात बुडत असे, आणि माझा दुसरा ठोका उशिरा पडतो आहे की नाही हे मला कळेनासे झाले होते. सराव करणाऱ्या माणसाला ऐकायचे ते नेमके हेच असते. माळ्यावरची पितळेची परात मात्र प्रत्येक ठोक्याला अचूक साथ देत असे. सात महिन्यांनी ती जोडी मी ऐरोलीच्या एका मित्राला दिली. त्याची खोली अठरा फूट लांब आहे, तेथे ते स्पीकर उत्तम वाजतात, आणि तो, आपल्या माहितीसाठी, कीबोर्ड वाजवतो.

‘मग खोलीला फोम लावा’ असे आपण म्हटलेले नाही, परंतु पुढच्या प्रतिक्रियेत म्हणाल, म्हणून आत्ताच सांगतो. ५६ हर्ट्झच्या लहरीची पाव लांबी सुमारे दीड मीटर भरते. दोन इंची फोम तिच्यापुढे उभा राहू शकत नाही. तो वरचे स्वर गिळतो, बेस तसाच ठेवतो आणि पावसाळ्यात कुबट वास देतो.

५ इंची मॉनिटर येथे उपयोगी पडतात ते याच कारणाने. ज्या पट्ट्यात खोली स्वतःच आवाज वाढवते त्या पट्ट्यात ते मुळातच कमी देतात. त्यातच लहान खोलीत ड्रमरचे स्टूल भिंतीला टेकलेले असते, कारण समोरची सर्व जागा ड्रमने व्यापलेली असते. आणि भिंतीपाशी या घुमाऱ्याचा दाब सर्वांत जास्त असतो, खोलीच्या मध्यावर सर्वांत कमी. माझे डोके भिंतीपासून फूटभरावर असते. उणे १० डेसिबलची जी तूट आपण ठळकपणे दाखवून दिलीत तिचा बराचसा भाग खोली आणि भिंत मिळून फुकट भरून देतात. एचएस ५ च्या मागे ‘रूम कंट्रोल’ नावाचे बटण आहे. ते ५०० हर्ट्झच्या खालचा आवाज २ किंवा ४ डेसिबलने उतरवते. स्पीकरचे हवेचे छिद्र मागील बाजूस आहे आणि माझ्या घरी स्पीकर बाजूच्या भिंतींपासून जेमतेम वीतभर पुढे आहेत, म्हणून माझे बटण कायम उणे २ वर असते. म्हणजे ज्या ‘खेळण्यां’ना बेस नाही असे आपले म्हणणे आहे, त्यांचाही बेस मला उतरवावा लागतो. ७४ हर्ट्झ की ५४ हर्ट्झ या वादाला मी किरकोळ म्हणालो ते यामुळे.

शेजाऱ्यांच्या ‘धास्ती’विषयी. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. नियम पाळण्याला आपल्या भाषेत धास्ती म्हणत असतील तर मी धास्तावलेला आहे. पण मुद्दा नियमाचाही नाही. माझ्या खालच्या मजल्यावरचे काका पहिल्यांदा वर आले त्या दिवशी स्पीकर बंद होते आणि मी हेडफोन लावून वाजवत होतो. त्यांना ऐकू येत होता तो पेडलचा ठोका, जो पॅडमधून फरशीत, फरशीतून स्लॅबमध्ये आणि स्लॅबमधून त्यांच्या छतातून थेट त्यांच्या दुपारच्या झोपेत शिरत होता. त्यानंतर मी प्लायच्या दोन फळ्यांमध्ये टेनिसचे चेंडू बसवून फलाट केला आणि ड्रम त्यावर चढवले. काका अजून येतात, पण आता चहाला. त्या फलाटाचा एक अनपेक्षित लाभ असा की तो किकबरोबर किंचित हलतो आणि ठोका तळपायातून, स्टुलातून वर चढतो. पोटात बसायची ती किक अशी खालून येते, आणि तिला वूफर लागत नाही. हे मी मूळ लेखात लिहिले नव्हते, कारण तो लेख स्पीकरवर होता, सुतारकामावर नव्हता.

तबल्याचा सल्ला मला टोमणा म्हणून दिला असेल तर तो लागला नाही. तबल्याला मात्र लागला असावा. चांगला लावलेला डग्गा दहा फुटांच्या खोलीत काय घुमतो, हे आपण एकदा भिंतीला टेकून बसून ऐकावे. शेजाऱ्यांपासून सुटका म्हणून कोणी तबल्याकडे वळल्याचे मी ऐकलेले नाही.

उरलेल्या मुद्द्यांना फार जागा देण्याचे कारण दिसत नाही. हेडफोनविषयी वर आलेच आहे. शिवाय डाव्या कानाची शिट्टी असलेल्या माणसाला रोज दोन तास हेडफोन लावा म्हणून सांगू नये. ड्रमसाठीचे खास मॉनिटर मला माहीत आहेत. रोलंडच्या पीएम १०० मध्ये १० इंची वूफर आणि ८० वॉट आहेत, पीएम २०० मध्ये १२ इंची आणि १८० वॉट. उत्तम वस्तू आहेत, परंतु त्या एकेरी पेट्या आहेत आणि लेख डाव्या-उजव्या स्पीकरच्या जोडीवर ऐकण्याविषयी होता. अचानक ठोक्यांच्या ताकदीबद्दल एवढेच सांगतो की मोकळ्या जागेत अंतर निम्मे झाले की आवाज ६ डेसिबलने वाढतो. खोलीत तो हिशेब पूर्ण लागू पडत नाही, तरी माझे स्पीकर कानापासून सव्वा मीटरवर, क्रॅशच्या दोन्ही बाजूंना, कानाच्या उंचीवर आहेत. बेसचे ४५ अधिक वरच्या स्वरांचे २५ वॉट तेवढ्याला पुरतात. फार जोर लावला तर स्नेअर थोडा दबल्यासारखा वाटतो हे खरे. तेव्हा मी आवाज थोडा कमी करतो. जाळीच्या पॅडचा आणि रबरी झांजांचा स्वतःचा खटखटाट स्पीकरखाली झाकला जाईल इतकाच आवाज मी ठेवतो, त्यापलीकडे घरी कशाला हवा? किकच्या बाबतीत बीटरच्या (पेडलच्या हातोडीच्या) ठोक्याचा जो टोकदार भाग २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये असतो तो मॉड्यूलवर जरा वाढवून ठेवला की ती स्वच्छ कळते. याला आपण ‘जुगाड’ म्हणाल. म्हणा.

एका गोष्टीचे मात्र आश्चर्य वाटते. आपली खोली किती बाय कितीची, स्पीकर भिंतीपासून किती अंतरावर, आपण कोणते स्पीकर वापरता, यांपैकी काहीही आपण लिहिलेले नाही. ज्याला ७४ आणि ५४ यांतला फरक इतका महत्त्वाचा वाटतो त्याच्याकडे घरात मापाची टेप असणारच. मापे कळवावीत. खोली अठरा फुटांची निघाली तर आपले म्हणणे आपल्यापुरते बरोबर आहे, असे मी याच जागी लिहीन.

मूळ लेखात ‘५४ हर्ट्झ’ या शब्दांपुढे ‘उणे १० डेसिबलला, उणे ३ डेसिबलला ७४’ ही दुरुस्ती आज सकाळी घातली आहे. आपल्या प्रतिक्रियेतला एकही शब्द मी काढलेला नाही, ‘खेळणी’ आणि ‘तबला’ हे दोन्ही नाहीत.