‘गंजकी बाहुली’ का घेतली? सिंहगडरोडवाला यांना उत्तर

नमस्कार सिंहगडरोडवाला,

माझदाच्या एमएक्स-५ या दोन सीटच्या उघड्या स्पोर्ट्स कारवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही चांगली दीड पान भरेल एवढी प्रतिक्रिया लिहिलीत. तिला नुसतं ‘धन्यवाद’ म्हणून सोडणं बरं दिसलं नसतं, म्हणून हे वेगळं उत्तर. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: तीस वर्षं जुनी, ११५ हॉर्सपॉवरची, दोन माणसांपुरती ‘गंजकी बाहुली’ घेणं ही तुमच्या मते पैशाची नासाडी आहे. तेवढ्यात सहा सिलिंडरची बीएमडब्ल्यू झेड-४ येते. ‘इंजिनाला हात लावू नका’ म्हणायचं आणि बाकी सगळी गाडी खोलून ठेवायची, हा दुटप्पीपणा. इंग्लंडसारख्या पावसाच्या देशात उघडी गाडी म्हणजे निव्वळ दिखावा. आणि शेवटी, लेस्टरला राहणारा तुमचा भाचा माझा लेख वाचून एक गाडी बघून आलाय, तो फसला तर जबाबदार मी. खरा राग कशाचा, ते या शेवटच्या वाक्यात कळलं. तिथे येतोच.

पावसाचं आधी उरकतो. इथला पाऊस आपल्या जुलैसारखा कोसळत नाही, भुरभुरतो आणि थांबतो. समोरच्या काचेवरचे दोन खटके सोडले की सीटवर बसल्याबसल्या टप, म्हणजे कापडी छप्पर, मागे टाकता येतो. (पहिल्या पिढीत मागची खिडकी प्लास्टिकची असते, तिची चेन आधी उघडायची. न उघडता टप दुमडत राहिलं की थंडीत कधीतरी खिडकी तडकते, आणि विकणारा म्हणतो, ‘किरकोळ आहे.’) जानेवारीतली कोरडी दुपार, काचा वर, हीटर पायावर आणि टप खाली, हे एकदा करून बघा, मग बोलू. दिखाव्यासाठी तर ही गाडी अगदीच कुचकामी. २०१६ च्या एप्रिलमध्ये दहा लाखावी एमएक्स-५ तयार झाली. दोन सीटची दुसरी कुठलीही उघडी स्पोर्ट्स कार एवढी खपलेली नाही. आमच्या गल्लीतलं कुत्रंसुद्धा तिच्याकडे वळून बघत नाही.

आता हॉर्सपॉवर. आजची साधी टर्बो हॅचबॅक सिग्नलवर हिला मागे टाकेल असं तुम्ही म्हणता. टाकेलच. पहिल्या पिढीच्या १.६ लिटरवालीला शून्यापासून ६० मैलांचा वेग गाठायला नऊ सेकंदांच्या आसपास लागतात. पुढे १९९५ च्या सुमारास इथे विकायच्या १.६ ची ताकद कंपनीनेच उतरवून ९० च्या आसपास आणली. पण सिग्नलवरच्या शर्यतीसाठी ही गाडी बनलीच नव्हती. १९८० साली ॲबिंग्डनला एमजी-बी बंद झाली, त्याच वर्षी कॉव्हेंट्रीला ट्रायम्फ स्पिटफायर, दोन्ही इथल्या छोट्या उघड्या स्पोर्ट्स कार. हलकी, उघडी, मागच्या चाकांवर चालणारी, मास्तर-कारकुनालाही परवडणारी गाडी बाजारातून जवळजवळ गेलीच. बॉब हॉल या अमेरिकी मोटार-पत्रकाराने माझदाच्या केनिची यामामोटोंना तसलीच गाडी बनवायला सुचवलं, आणि पुढे तो स्वतः माझदात नोकरीला लागला. १९८४ मध्ये कंपनीपुढे तीन आराखडे आले. जपानी मंडळींचे दोन: एकात इंजिन पुढे आणि जोरही पुढच्या चाकांना, दुसऱ्यात इंजिन मध्ये. कॅलिफोर्नियाच्या चमूचा तिसरा: इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना. तिसरा जिंकला. त्याचा पहिला चालता नमुना इंग्लंडमध्येच, वर्दिंगच्या आयएडी कंपनीने बांधून दिला. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ती जगाला दिसली.

हा इतिहास सांगितला कारण हॉर्सपॉवरच्या आकड्यात न दिसणारं सगळं त्या निवडीत आहे. इंजिन पुढच्या चाकांच्या रेषेच्या मागे सरकवलेलं. गिअरबॉक्स आणि मागच्या चाकांना जोर वाटून देणारं डिफरन्शिअल ॲल्युमिनियमच्या लांब चौकटीने एकमेकांना जखडलेले, त्यामुळे ॲक्सिलरेटर दाबणं आणि मागची चाकं ढकलणं यांत ढिलाई नाही. चारही चाकांना डबल विशबोन, म्हणजे चाक वरून आणि खालून अशा दोन दांड्यांनी धरणारं सस्पेन्शन. आणि वजन हजार किलोच्या आत. डर्बीशायरच्या वळणांवर चाळीस मैलांच्या वेगातही टायर काय करताहेत ते स्टिअरिंगमधून हाताला कळतं. मॅकल्सफील्ड ते बक्स्टन हा ए-५३७ रस्ता, ज्याला इथे ‘कॅट अँड फिडल’ म्हणतात, त्यावर आज ५० मैलांची मर्यादा आहे आणि सरासरी वेग मोजणारे कॅमेरे आहेत. तिथे २३१ हॉर्सपॉवरची झेड-४ घेऊन काय करणार? तिचं इंजिन जागं व्हायच्या आत मर्यादा संपते. मी मात्र दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन चांगलं खेचून मग तिसऱ्यात जातो, आणि परवान्यावर दंडाचा एकही पॉइंट पडत नाही.

झेड-४ ला मी नावं ठेवत नाही. ते सहा सिलिंडरचं इंजिन ऐकत राहावं असं आहे. पण जुन्या झेड-४ चा टप उघडणारी मोटर बसते अशा खोबणीत, की पाण्याची नळी तुंबली की मोटर बुडते. बदलायचा खर्च आधी विचारून ठेवा. तुलनाच करायची तर टोयोटाच्या तिसऱ्या पिढीच्या एमआर-टूशी करा. इंजिन मध्ये, वजन हिच्याइतकंच, ताकद १३८. चालवायला कदाचित हिच्याहून सरस. फक्त सामान ठेवायला जागा नाही म्हणजे अजिबातच नाही. बायकोने एका पिशवीत वीकेंड बसवायचं नाकारलं आणि आमच्या घरी तो विषय संपला.

गंजाबद्दल तुम्ही सर्वांत तिखट लिहिलंय, आणि खरा मुद्दा तोच आहे. गंजते, हो. पण कुठे आणि का, हे ठाऊक असलं की तुमचा ‘तीस वर्षं जुनी’ हा आक्षेप निम्मा गळतो. टपावरचं पाणी सीटमागच्या पन्हळीत उतरतं, तिथून दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून मागच्या चाकाच्या पुढे जमिनीवर पडतं. गाडी झाडाखाली उभी राहिली की पानांचा चोथा त्या नळ्यांत बसतो. पाणी मग दाराखालच्या पोकळ पत्र्यात, म्हणजे सिलमध्ये, साचतं आणि पत्रा आतून कुजतो. बाहेरून फुगवटा दिसेपर्यंत आतला थर गेलेला असतो. वर हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ. म्हणून बघायला जाताना बॉनेट नंतर उघडा. आधी गुडघ्यावर बसा आणि मागच्या चाकाच्या पुढचा वीतभर पत्रा दाबून बघा. चुंबक घेऊन जा, पुट्टीवर तो चिकटत नाही. खाली गंजरोधक लेपाचा काळा ताजा थर जाड फासलेला असेल तर विचारा की कालच का फासला. शिवाय एमओटी या इथल्या सक्तीच्या वार्षिक तपासणीत सीटबेल्ट जिथे जखडलेला असतो त्या जागेपासून ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा कुजलेला निघाला की गाडी नापास, आणि सिलचं मागचं टोक नेमकं त्याच भागात येतं. वरून ठिगळ लावणारे वेल्डर पुष्कळ आहेत. आतला थर कापून नवा घालणारा शोधावा लागतो, आणि तो एका बाजूचे काही शे पाउंड घेतो. किंमत ठरवताना हा आकडा डोक्यात ठेवा. विकणारे चकचकीत रंगाचे पैसे मागतात. सिलचे पैसे घेणाऱ्यालाच भरायचे असतात.

माझी गाडी मूळची जपानमधली, तिथे ती युनोस रोडस्टर नावाने विकली गेली. जपानच्या बऱ्याच भागात रस्त्यावर मीठ पडत नाही, त्यामुळे आयात गाड्यांचा तळ सहसा स्वच्छ असतो. पण इथे आल्यावर तळाला कोणी संरक्षक लेप दिला नसेल, तर पुढच्या प्रत्येक हिवाळ्याने ती कसर भरून काढलेली असते. म्हणून ‘जपानी आहे हो’ एवढ्यावर भुलू नका, ती इथे कधी उतरली ते विचारा. इंजिनाची धास्ती मात्र बाळगू नका. टायमिंग बेल्ट साठ हजार मैलांवर बदलायचा, आणि तो तुटलाच तरी या इंजिनात व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत. सुरू केल्यावर टकटक ऐकू आली तर बहुतेक वेळा ते व्हॉल्व्ह ढकलणारे, तेलावर चालणारे टॅपेट असतात, वेळेवर तेल बदललं की गप्प बसतात. फक्त १९८९ पासून ९१ च्या सुरुवातीपर्यंतच्या गाड्यांत क्रँकशाफ्टचं, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं, पुढचं टोक आखूड आहे, आणि पुलीचा बोल्ट नीट आवळला गेला नसेल तर पुलीला दांड्यावर धरून ठेवणाऱ्या पाचरीची खाच खराब होते. पुलीला चार खाचा दिसल्या तर आखूड, आठ दिसल्या तर लांब. अशी गाडी घेऊच नये असं नाही, पण पुली डुलते का ते इंजिन चालू ठेवून बघाच.

दुटप्पीपणाचं बोलू. मी इंजिन सोडून बाकी गाडी बदलली, कारण गाडी तीस वर्षांत जे विसरली होती ते तिला परत हवं होतं. सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या रबरी बुशांचं आयुष्य कधीच संपलेलं असतं. चांगले टायर घ्या, मूळ मापाचे, १८५/६० आर १४. मग अलाइनमेंट. या गाडीत चारही चाकांचा कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि टो (चाकाचं तोंड आत की बाहेर) बदलता येतो, ही त्या किमतीत चैन आहे. पण ज्या बोल्टांनी तो बदलायचा, ते बुशांच्या नळीत गंजून अडकलेले असतात. सामान्य टायरवाला पान्याने एक हिसका देतो आणि कागदावर लिहितो ‘ॲडजस्ट होत नाही’. ते बोल्ट कापून काढावे लागतात. कंटाळवाणं, हात काळे करणारं काम, पण टर्बो न लावता गाडी नवी वाटते ती त्यानेच. त्यानंतर चांगले शॉकअप. गाडी जमिनीला टेकवायची हौस असेल तर आवरा. मूळ सस्पेन्शनची हालचालच थोडी आहे, खाली घेतली की प्रत्येक खड्ड्यात रबरी ठोकळ्यावर आदळते. १७ इंची चाकं तर मला बघवतच नाहीत. मूळचं अलॉय चाक साडेपाच किलोच्या आसपास भरतं. एवढं हलकं चाक काढून जड चाक लावणं म्हणजे नेमकं ज्यासाठी गाडी घेतली तेच फेकून देणं.

इंजिनाची ताकद वाढवणं पाप नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रॅकलीच्या बीबीआरने टर्बो बसवून १५० हॉर्सपॉवरच्या एमएक्स-५ बनवल्या, आणि त्या चक्क माझदाच्या डीलरकडे विकल्या गेल्या. पण टर्बोचा पैसा सिलच्या आधी गेला, तर वर्षभरात तुमच्याकडे वेगवान भंगार असतं. क्रम उलटा करू नका, एवढंच माझं म्हणणं होतं आणि आहे.

रोल बारने, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणाऱ्या सीटमागच्या कमानीने, ‘मूळपण’ गेलं, हा तुमचा आणखी एक टोला. इथल्या दुकानांत क्रोमची एक वाकडी नळी ‘स्टाइल बार’ म्हणून मिळते. ती शोभेची असते, गाडी उलटली तर तिचा उपयोग नाही. तिच्यावर तुम्ही टीका केली असती तर टाळ्या वाजवल्या असत्या. खरा रोल बार गाडीच्या बॉडीच्या पत्र्याला भक्कम पट्ट्यांनी जोडलेला असतो आणि डोक्याच्या वर जातो. हेल्मेट न घालता चालवायची तर त्यावर दाट पॅडिंग हवंच, नाहीतर मागून धडक बसली की डोकं त्याच्यावर आपटतं.

पुण्यात हे केलं असतं तर आरटीओने गाडी उचलली असती, हे तुमचं बरोबर. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल पाहता, कंपनीने दिलेल्या मूळ वैशिष्ट्यांत आपल्याकडे ढवळाढवळ करता येत नाही. इथे एमओटी पास व्हायला हवी, आणि प्रत्येक बदल विमा कंपनीला कळवायला हवा. चाकं बदललीत तरी कळवा, नाहीतर अपघातानंतर दाव्याच्या वेळी तेच कारण पुढे येतं. आणि ‘असली खेळणी आपल्याकडे कोणी करत नाही’ हे मात्र तितकंसं खरं नाही. गोव्यात सॅन स्टॉर्म बनत होती: दोन सीट, उघडा टप, फायबरची बॉडी, रेनॉचं १.२ लिटरचं इंजिन. जोर पुढच्या चाकांना होता आणि गिऱ्हाईक कमी, पण धाडस होतं.

एक गोष्ट तुमची मान्य. ज्याच्या घरी एकच गाडी आहे आणि तिनेच रोज कामाला जायचंय, त्याने पहिली पिढी घेऊ नये. त्याला तिसरी, २००५ नंतरची, जास्त सोयीची.

आता भाचा. तुम्ही लिहिलंत की त्याने पाहिलेली गाडी २००२ ची आहे, म्हणजे दुसऱ्या पिढीचा सुधारित अवतार. इथे माझ्या लेखापेक्षा तुमची भीती रास्त आहे, कारण गंजाच्या बाबतीत दुसरी पिढी पहिलीपेक्षा वाईट. सिल तर आहेतच, पण पुढच्या सस्पेन्शनजवळच्या चॅसीच्या दांड्या दुहेरी पत्र्याच्या आहेत. त्या दोन थरांत पाणी बसतं आणि त्या आतून जातात. खाली प्लास्टिकचं आवरण असल्यामुळे एमओटीवाल्यालाही त्या नीट दिसत नाहीत, त्यामुळे ‘एमओटी स्वच्छ आहे’ यावर त्याने विसंबू नये. गाडी रॅम्पवर चढवून, आवरण काढून, टॉर्च मारून बघू देणार का, हे विकणाऱ्याला फोनवरच विचारायला सांगा. नाही म्हणाला तर जाऊच नको म्हणावं, गाड्या पुष्कळ आहेत. जुन्या एमओटीच्या नोंदी सरकारी संकेतस्थळावर गाडीच्या नंबरावर फुकट दिसतात. त्यात एखाद्या वर्षी ‘कॉरोजन’, म्हणजे गंज, लिहिलंय आणि पुढच्या वर्षी तो शब्द अचानक गायब, असं दिसलं तर मधल्या काळात वेल्डिंग झालं की नुसता काळा लेप, याची पावती मागायची. नंबर इथे उघड्यावर लिहू नका, मला ईमेलने पाठवा. नोंदी मी बघतो, आणि शनिवारी पाऊस नसेल तर लेस्टरला त्याच्याबरोबर जाऊनही येईन.