त्या पोराच्या पायडलबद्दल

सकाळपासून डोकं तापलेलं आहे, म्हणून लिहितोय. लांबलं तर लांबलं.

आपला सायकल ग्रुप घेऊन चिखलदऱ्याला निघालो होतो. घाटाआधी धामणगाव गढीला चहाला थांबलो, सायकली भिंतीला टेकवल्या आणि नेहमीचं सुरू झालं. कोणाचा फोर्क हवेचा, कोणाचा स्प्रिंगचा, गिअरच्या सेटमध्ये कोणाकडे डिओर, कोणाकडे एसएलएक्स. याचा मला राग नाही, मीही यावर तासभर बोलू शकतो. मग आपल्यातल्या एकानं सगळ्यांच्या पायडलचे फोटो काढायला घेतले. परतवाड्याकडून पहिल्यांदाच आलेल्या त्या कॉलेजच्या पोराच्या सायकलपाशी थांबून सगळ्यांसमोर म्हणाला, "हे प्लास्टिकचे पायडल घेऊन घाट चढतो का बे? आधी हे फेक, मग ये." दोघं-तिघं हसले. पोरगं काहीच बोललं नाही. चहा अर्धा ठेवून म्हणालं, "मी निघतो भाऊ, घरी काम हाये." आणि माघारी वळलं.

घरी काम नव्हतं. तुम्हालाही माहीत आहे, मलाही.

अरे, कास्तकाराचं पोरगं आहे ते. त्याच सायकलवर रोज कॉलेजला जातं. आपण आठवड्यातून एकदा गाडीच्या कॅरिअरवर सायकल टाकून येतो आणि त्याला शिकवतो की पायडल कोणतं पाहिजे?

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट काहींना माहीत आहे, तरी सांगतो. मी आणि एक मित्र अचलपूरच्या पुढं एका पांदणीत शिरलो. मित्राची सायकल आपल्या ग्रुपमधली सगळ्यात भारी, बारा गिअरची. पायात क्लिपचे, म्हणजे पायडलला अडकणारे बूट. माझे साधे फ्लॅट पायडल. पाऊस आला आणि अर्ध्या किलोमीटरात काळ्या मातीनं दोन्ही सायकली धरल्या. टायर आणि फ्रेमच्या मधली जागा भरली, चाक फिरेना. मित्राची सायकल जागच्या जागी उभी राहिली, पाय क्लिपमधून सुटला नाही आणि तो आडवा पराटीत गेला. उठून परत क्लिप लावायला गेला तर लागेना. बुटाच्या तळव्याचा जो तुकडा पायडलला अडकतो, त्या क्लीटच्या खाचेत माती गच्च बसली होती.

शिमानो कंपनीनं १९९० साली एसपीडी हे क्लिपचं पायडल काढलं ते बुटानं चालता यावं म्हणूनच, क्लीट तळव्यात आत बसवून. चांगली वस्तू आहे. पण ती बनवणाऱ्यांनी आपली जमीन पाहिलेली नव्हती. ही माती पाणी पिऊन फुगते, चिकटते आणि उन्हाळ्यात चाक अडकेल अशा भेगा पाडते. म्हणून आपल्याकडे पावसात माणसं चप्पल हातात घेऊन वावरात जातात.

बरं, घाटाच्या लांब चढाला क्लिपनं पाय जागेवर राहतो, मान्य. स्वस्त प्लास्टिकच्या पायडलवरून ओला पाय घसरतो आणि नडगी सोलते, तेही मान्य. पण हे त्याला बाजूला घेऊन सांगता आलं असतं ना?

त्या पांदणीतल्या माणसाचं सांगायचं राहिलं. धुऱ्यावरून एक काका आले. आम्ही बोटांनी माती उकरत होतो. म्हणाले, "भाऊ, पह्यले चाक काढा. चाक काढल्याबिगर हा गारा निघत नाही." तुराटी मोडून स्वतः बसले आणि डिस्कजवळची, चेनजवळची माती काढून दिली. मग मित्राची सायकल खांद्यावर घेऊन डांबरी रस्त्यापर्यंत आले, अनवाणी. सायकल कितीची, कोणत्या कंपनीची, एक शब्द विचारला नाही.

हे लिहिताना राग थोडा उतरला खरं तर.

पण पुढचं ऐका. त्या पडण्यात मित्राचा मागचा डिरेलर हँगर वाकला, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा डिरेलर फ्रेमला ज्यावर अडकतो तो तुकडा. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा. परतवाड्यात नाही, अमरावतीत नाही. कुरिअर येईपर्यंत ती भारी सायकल घरात उभी होती. त्या पोराच्या सायकलला टूर्नी आहे, शिमानोचा स्वस्तातला गिअर सेट. तिचा डिरेलर मोडला तर तालुक्याच्या मिस्त्रीकडे दुसरा मिळतो, संध्याकाळी पोरगं घरी. मग आपल्या भागासाठी कोणती सायकल वरची? सांगा ना. किमतीच्या यादीत टूर्नी खाली आणि एक्सटीआर वर, एवढंच पाठ करून आपण माणसांनाही त्याच यादीत बसवायला लागलो.

तुलना करायचीच तर आपल्या रस्त्यांवर करा. बाभळीचा काटा कोणत्या टायरनं सोसला? आपल्या मे महिन्यात ट्यूबलेस टायरमधलं पंक्चर बुजवणारं सीलंट किती लवकर वाळतं? चिखलदऱ्याहून उतरताना हायड्रॉलिक ब्रेकचा फरक मोठा आहे, तिथं पैसे घालावे असं मीही सांगेन. पण यावर कोणी बोलत नाही. पायडलचे फोटो काढतात.

आणि पायडलचंच घ्या. त्याची सायकल आणि तुमची लाखाची, दोन्हीच्या क्रँकला आटे तेच, ९/१६ इंचाचे. डाव्या पायडलचे आटे दोन्हीकडे उलटेच. म्हणजे तुमचं पायडल त्याला बसतं, त्याचं तुम्हाला. सायकलचा दुसरा कोणता पार्ट इतक्या सहज इकडचा तिकडं होतो? हसणाऱ्यांपैकी प्रत्येकाच्या घरी जुनी जोडी पडलेली आहे. एकाच्याही तोंडून निघालं नाही की घेऊन जा बेटा. मला हेच सगळ्यात जास्त लागलं.

माझ्याकडे नायलॉनची, पिना असलेली फ्लॅट जोडी आहे. ओल्या चपलेलाही पकड धरते, दगडावर आपटली तरी सरकून जाते. मी ती त्याला देणार आहे. त्याचा नंबर ज्याच्याकडे असेल त्यानं मला मेसेज करा, इथं कमेंटमध्ये टाकू नका. आणि ज्यानं ते वाक्य म्हटलं त्यानं त्याला स्वतः फोन करावा. नाव लिहीत नाही, तू वाचतोयस.

पुढच्या रविवारी घाट नको. त्या पोराच्या गावाकडच्या पांदणीनं जाऊ, तोच पुढं राहील. पायडल बदलायला १५ नंबरचा पाना मी आणतो.